परदेशातल्या कला मेळ्यासाठी चित्रं पाठवताना

सगळ्यात जास्त नुकसान प्रवासात नाही, पॅकिंगच्या पहिल्या थरात होतं. बबल रॅप थेट रंगाला लावू नका. उष्णतेने ॲक्रिलिक मऊ पडतं आणि त्यावर फुग्यांचे गोल ठसे उमटतात. ते पुसून जात नाहीत. आधी सिलिकॉन लावलेला रिलीज पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. कोपऱ्यांना फोमचे कोन, आणि पेटीच्या प्रत्येक बाजूला किमान ५ सेंमी फोम. तैलरंग वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो, जाड थराला सहा महिनेही कमी पडतात. कॅनव्हास गुंडाळायचाच असेल तर रंग बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर थर दुमडून तडकतो.

पेटी प्लायवूडची चालते, पण आतल्या साध्या लाकडी पट्ट्यांवर 'आयएसपीएम १५'चा, म्हणजे लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवाच. म्हणजे लाकडातली कीड मारलेली, बहुतेकदा ते ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवून. इथेच अनेकांची पेटी अडते.

चित्रं परत आणायची असतील तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्ने काढा, म्हणजे तात्पुरता नेलेला माल शुल्क न भरता नेण्या-आणण्याचं कस्टम्सचं कागदपत्र. मुदत कमाल एक वर्ष. यादीत प्रत्येक चित्राचं नाव, माप, वजन, किंमत लिहा. कार्ने निघाल्यावर यादीत भर घालता येत नाही. फुकट वाटायचे कॅटलॉग त्यात बसत नाहीत. निघताना आपल्या कस्टम्सचा शिक्का घ्यायला विसरू नका, तो नसेल तर परतताना स्वतःच्याच चित्रांवर शुल्क मागितलं जाऊ शकतं. चित्र विकलं गेलं तर तिथलं शुल्क भरून पावती जपून ठेवा.