पप टीमची पहिली लांब शर्यत: हँडलर होऊ पाहणाऱ्यांसाठी

अलास्कात फेअरबँक्सच्या विद्यापीठात शिकत असताना हिवाळ्यात मी तिथल्या एका केनेलवर (शर्यतीची कुत्री पाळतात ती जागा) हँडलरचं, म्हणजे कुत्र्यांची देखभाल करणाऱ्या मदतनिसाचं काम करायचे. कुत्र्यांच्या स्लेज (बर्फावरची घसरगाडी) शर्यती म्हटल्या की आपल्याला अँकरेज ते नोम ही सुमारे १,६०० किलोमीटरची इडिटारॉडच आठवते. पण तिथे उतरण्याआधी मशरला, म्हणजे स्लेज हाकणाऱ्याला, मधल्या पल्ल्याच्या शर्यती पूर्ण करून पात्र ठरावं लागतं. ग्लेनालेनच्या परिसरात जानेवारीत होणारी कॉपर बेसिन ३०० ही त्यातलीच एक, नावाप्रमाणे ३०० मैलांची, म्हणजे साधारण ४८० किलोमीटर. अनेक केनेल अशा शर्यतीत दीड-दोन वर्षांच्या कुत्र्यांची ‘पप टीम’ उतरवतात. नंबर काढायचा नसतो, सगळी कुत्री खात-पीत, शेपट्या हलवत परत आली की झालं.

पळणं या अलास्कन हस्कींच्या रक्तातच असतं. शिकवावं लागतं ते थांबणं. घरी रोज पळून आलं की आपापलं खोपटं असतं. शर्यतीत मात्र पाच-सहा तास पळायचं, दोरीला बांधलेलं असतानाच पेंढ्यावर झोपायचं आणि उठून पुन्हा पळायचं. तरुण कुत्री पहिल्या चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या थांब्यावर, लग्नघरातल्या पोरांसारखी वागतात. दुसरी टीम निघाली की ही उठून भुंकणार, कंटाळली की टगलाइन (कुत्र्याला स्लेजच्या मुख्य दोरीशी जोडणारी दोरी) चावून तोडणार. म्हणून शर्यतीच्या बऱ्याच आधीपासून त्यांना रानात मुक्कामाला न्यायचं आणि दर वेळी तोच क्रम ठेवायचा: आधी बूटी (पंजांवरचे कापडी मोजे) काढायच्या, मग गोठवलेल्या माशाचा तुकडा, मग पेंढा, मग बर्फ वितळवून केलेलं गरम मांसाचं पाणी. काही मुक्कामांनंतर पेंढ्याची गासडी दिसली की ती गोल गोल फिरून जागा करायला लागतात. जोडीला एखादं मुरलेलं कुत्रं बांधलं तर आणखी लवकर.

खाण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. लांब शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला १०,००० कॅलरीपर्यंत लागू शकतात, आणि दंगा करणारं पिल्लू नेमकं इथेच तोंड फिरवतं. कोणाला मासा आवडतो, कोणाला चरबी, हे तुम्हाला घरीच माहीत झालेलं असलं पाहिजे. शर्यतीत मशरला ते शोधत बसायला वेळ नसतो.

बूटींचंही तसंच. दहा कुत्र्यांची टीम म्हणजे एका वेळी चाळीस बूटी, त्याही उणे तीसमध्ये उघड्या बोटांनी, कारण जाड हातमोज्यांनी वेल्क्रो नीट बसत नाही. पट्टा ढिला राहिला तर बूटी गळते, घट्ट झाला तर पाय सुजतो. (थंडीची भीती आपल्याला; कुत्र्यांना उणे पाचचं ऊन जास्त बाधतं. अशा दिवशी वेग कमीच ठेवायचा.)

चेकपॉइंटवर बहुतेक शर्यतींत हँडलरला कुत्र्यांना हात लावता येत नाही. सगळं मशरने एकट्याने करायचं. आपण लांब उभं राहून बघायचं आणि टीम गेल्यावर पेंढा गोळा करायचा. हे फार जड जातं, पण त्या वेळात वही काढा. कोण लगेच झोपलं, कोण जेवलं नाही, कोण उठताना लंगडलं, ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षीची टीम यावरूनच ठरते. एखादं कुत्रं थकलं किंवा दुखावलं तर मशर त्याला चेकपॉइंटवर ठेवून पुढे जातो, पशुवैद्य तपासतात आणि मग ते आपल्या ताब्यात येतं. तरुण कुत्र्याच्या बाबतीत हा निर्णय लवकर घेणारा मशर मला जास्त शहाणा वाटतो. दमून हिरमुसलेलं पिल्लू पुढे हार्नेस (ओढण्यासाठी अंगात घालायचा पट्टा) बघून मागे सरकायला लागलं, तर ते परत वळवणं फार अवघड.

काम मागायचं असेल तर उन्हाळ्यातच विचारा. बर्फ नसतानाच, ऑगस्टच्या सुमारास, चारचाकी एटीव्हीला जुंपून सराव सुरू होतो. पगार बेताचाच, बऱ्याचदा राहणं-खाणं एवढंच, आणि परदेशातून जाणाऱ्यांनी व्हिसावर असं काम चालतं का ते आधी नक्की करून घ्यावं. आणखी एक थेट विचारा: पिल्लांची टीम चालवायला मिळेल का? उत्तर गुळमुळीत आलं, तर हिवाळाभर फक्त शी उचलायची तयारी ठेवा.