नैराश्याचा प्रकार आणि औषधाकडून ठेवायची अपेक्षा

नैराश्यावरची औषधे लागू पडतात की नाही, या प्रश्नाचे सरसकट उत्तर शोधणारा माणूस बहुधा निराश होतो. २०१८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचा आणि १,१६,४७७ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेली सर्व २१ औषधे औषधी घटक नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र हा फरक सरासरीने माफकच होता. ही सरासरी प्रत्येकाला सारखी लागू होत नाही. म्हणून औषधाची पारख करण्याआधी आपले नैराश्य कोणत्या प्रकारचे आहे, हे डॉक्टरांच्या मदतीने स्पष्ट करून घ्यावे.

सुरुवात तीव्रतेपासून करावी. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत मागील दोन आठवड्यांतील नऊ लक्षणांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. बेरीज ५ ते ९ असल्यास नैराश्य सौम्य, १० ते १४ असल्यास मध्यम, १५ ते १९ असल्यास मध्यम-तीव्र आणि २० किंवा त्याहून अधिक असल्यास तीव्र मानतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तेथे शून्याखेरीज काहीही आले, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. सौम्य नैराश्यात औषधाचा जादा फायदा थोडाच असतो, त्यामुळे तेथे समुपदेशन आणि नियमित व्यायाम यांना आधी संधी देणे योग्य ठरते. तीव्र नैराश्यात मात्र औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातील फरक ठळक दिसतो, आणि अशा वेळी औषध टाळत राहणे म्हणजे दुखणे विनाकारण लांबवणे होय.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि घाईच्या तपासणीत नेमका तोच राहून जातो. आयुष्यात कधी सलग चार-पाच दिवस असे आले होते का, की तीन तास झोपूनही थकवा जाणवला नाही, बोलणे आवरेना, डोक्यात एकामागून एक योजना येत राहिल्या आणि पैसा हातचे न राखता खर्च झाला? ज्याला तो अनुभव आला, त्याला तो आजार वाटतच नाही, उलट ते आपले उत्तम दिवस होते असे वाटते. म्हणून घरातल्या माणसालाही हा प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर हे नैराश्य बायपोलर आजाराचा, म्हणजे नैराश्य आणि उन्माद (अतिउत्साहाचा काळ) आलटून पालटून येणाऱ्या आजाराचा, भाग असू शकते. त्यात नेहमीच्या औषधांचा उपयोग अनिश्चित असतो, आणि ती एकटीच दिली तर उन्मादाचा झटका येण्याचा धोका असतो. तेथे लिथियम, क्वेटियापिन, लॅमोट्रिजिन अशा औषधांचा विचार होतो. चिठ्ठी लिहिली जाण्यापूर्वीच ही माहिती डॉक्टरांच्या कानावर घालावी.

नैराश्यासोबत भास किंवा आपण घोर पाप केले आहे अशा पक्क्या भ्रामक समजुती असतील, तर एकट्या अँटिडिप्रेसंटवर, म्हणजे नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधावर, विसंबू नये. त्याच्या जोडीला अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रम कमी करणारे औषध, दिल्यास गुण अधिक येतो. विद्युत उपचार (मेंदूला थोडा वेळ नियंत्रित विद्युतप्रवाह देणे) अशा रुग्णांत विशेष प्रभावी ठरतात. आज ते भूल देऊन आणि स्नायू शिथिल करून केले जातात, तरीही केवळ जुन्या भीतीपोटी कुटुंबे ते नाकारतात, याचे फार वाईट वाटते. पहाटे लवकर जाग येणे, सकाळी मन अधिक खचलेले असणे आणि कशानेही आनंद न होणे ही लक्षणे असलेल्या नैराश्यात नुसत्या दिलाशाने फारसा फरक पडत नाही, तेथे औषधाची गरज अधिक असते. याउलट ज्यांना झोप आणि भूक वाढते, पण चांगल्या बातमीने तात्पुरते बरे वाटते, त्यांच्यासाठी जुन्या अभ्यासांत फिनेल्झिन हे औषध इमिप्रॅमिन या नैराश्यावरच्या दुसऱ्या जुन्या औषधापेक्षा सरस ठरले होते. मात्र त्यासोबत मुरवलेले चीज व इतर काही पदार्थ वर्ज्य करावे लागत असल्याने ते सहसा आधी देत नाहीत. हिवाळ्यात नेमाने येणाऱ्या नैराश्यावर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सचा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) प्रकाश घेण्याचा उपाय आहे.

पंचविशीच्या आतील रुग्णांमध्ये औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्याकडे घरच्यांनी बारकाईने लक्ष ठेवावे.

औषध फसले, असा निष्कर्ष घाईने काढू नये. पुरेशा मात्रेत चार ते सहा आठवडे ते घेतले आहे का, मधले डोस चुकले का, हे आधी पाहावे. त्यासाठी दर आठवड्याला त्याच वारी पीएचक्यू-९ भरून बेरीज वहीत लिहून ठेवावी, कारण झोप सुधारली तरी मन जड असेल तर रुग्णाला काहीच बदललेले नाही असे वाटते आणि वही वेगळे सांगते. अमेरिकेतील ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण तिघांपैकी एकाचीच लक्षणे जवळजवळ पूर्ण गेली होती, त्यामुळे दुसरे औषध लागणे ही नेहमीची गोष्ट समजावी. दोन औषधांनी गुण आला नाही, तर तिसऱ्याकडे वळण्याआधी थायरॉइड, मद्यपान आणि निदान हे तिन्ही पुन्हा तपासून घ्यावे. गुण आल्यावरही औषध किमान सहा महिने चालू ठेवावे आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू मात्रा कमी करीत बंद करावे. एकदम सोडल्यास चक्कर, बेचैनी आणि झोपेचा त्रास होतो, आणि तो आजार परतल्याचे लक्षण समजण्याची गल्लत होऊ शकते.