कम्युनिटी आणि सायकियाट्री पोस्टिंग: या चुका टाळा

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना गावात (कम्युनिटी) किंवा मानसिक आजारांच्या वॉर्डात (सायकियाट्री) पोस्टिंग लागायच्या आधीच सीनिअरची फाइल हातात येते आणि निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. मागच्या बॅचचा पेशंट ‘सुस्त, कमी बोलणारा, लक्ष न लागणारा’ असेल, तर यंदाचाही तसाच निघतो. धारवाडला डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत जा नाहीतर खानापूर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर, फाइल भरायची घाई सगळीकडे सारखीच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ही घाई जास्त महागात पडते, कारण पेशंट घरी मराठी बोलतो, विद्यार्थी कन्नडमध्ये विचारतो (किंवा उलट) आणि फाइल इंग्रजीत भरली जाते.

मेंटल स्टेटस तपासताना

मेंटल स्टेटस म्हणजे पेशंटचं भान, लक्ष, विचार यांची तपासणी. सगळ्यात जास्त गडबड इथं होते. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, मावशी गप्प बसल्या. लगेच ‘एकाग्रता कमी’ असा शेरा. मावशी शाळेची पायरी चढल्या आहेत का, हे कुणी विचारलंच नाही. त्यापेक्षा असं विचारा: पन्नासची नोट दिली, बत्तीसचा बाजार झाला, परत किती घ्यायचे? किंवा वार उलटे म्हणायला लावा. महिना विचारल्यावर शेतकरी काका ‘श्रावण’ म्हणाले, तर उत्तर बरोबर आहे, ऑगस्ट म्हणायची सक्ती नाही. कन्नड घरातल्या पेशंटला ‘नाचता येईना अंगण वाकडं’चा अर्थ विचारून अमूर्त विचार तपासला जात नाही. आंबा आणि केळं यांत सारखं काय, एवढं पुरतं.

पेशंट घरी कुठली भाषा बोलतो, हे फाइलच्या पहिल्याच ओळीत लिहा. दुभाषी लागला तर वॉर्डातली ती भाषा येणारी स्टाफ किंवा सहाध्यायी घ्या, नातेवाईक नको. मारझोड, दारू, जीव द्यायचा विचार या गोष्टी नवऱ्याच्या किंवा सासूच्या तोंडून कधीच खऱ्या येत नाहीत.

आणि अंगात येणं. सौंदत्तीच्या यल्लम्माचं नाव निघालं की काहीजण थेट ‘भास’ लिहून मोकळे होतात, काहीजण ‘श्रद्धा आहे’ म्हणून सोडून देतात. दोन्ही चूक. जत्रेत, आरतीला येतं की एकटी असतानाही? झोप, जेवण, घरकाम पूर्वीसारखं आहे का? कधीपासून? उत्तरं जशीच्या तशी, तिच्याच शब्दांत लिहा आणि निदान डॉक्टरांवर सोडा.

आत्महत्येचा विषय टाळणं

विचारलं तर डोक्यात भरेल, ही भीती अजून आहे. तसं होत नाही, थेट विचारा. मात्र ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. धोका दिसला की सिस्टरना आणि इन्स्ट्रक्टरना त्याच तासाला सांगायचं, आणि तोवर पेशंटला एकटं सोडायचं नाही. गावात असाल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्यांना लिहून द्या. तो चोवीस तास चालतो.

शेतीच्या पट्ट्यात कीटकनाशक प्यायलेला माणूस ‘पोलीस केस होईल’ म्हणून घरात लपवला जातो, आणि त्यात वेळ जातो. दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची) नोंद होते, हे खरं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ उलट सिद्ध झालं नाही तर असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं, त्याला शिक्षा करत नाही. घरच्यांना हे सांगा आणि औषधाची बाटली सोबत आणायला लावा.

‘नाटक करतोय’ हा शेरा

हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजारावरचं औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होणं, डोळे वर चढणं, जीभ आखडणं हे नाटक नव्हे. ते डिस्टोनिया, म्हणजे औषधामुळं स्नायू आखडणं आहे. डॉक्टरांना लगेच कळवा, प्रोमेथाझिनसारख्या इंजेक्शननं तो उतरतो. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असलेल्या पेशंटला उलट्या-जुलाब झाले, उन्हात घाम गेला किंवा त्यानं अळणी उपवास धरला, तर रक्तातली लिथियमची पातळी चढते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं दिसलं की पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. लिटरला १.५ मिलीइक्विव्हॅलंटच्या वर पातळी म्हणजे विषबाधेचा धोका.

वॉर्डात सेल्फी काढायचे नाहीत. यावर वाद नको.

गावात गेल्यावर

निपाणीकडं विडीकामगारांच्या वस्तीत किंवा पेरणीच्या दिवसांत सकाळी अकराला गेलात, तर दाराला कुलूप असणारच. त्याला ‘सहकार्य नाही’ म्हणत नाहीत. आशाताईंना वेळ विचारा आणि संध्याकाळी जा, पण आठजणी एकदम नको. एवढ्या घोळक्यापुढं कुठली सून मनातलं बोलेल?

बीपी घेताना ब्लाउजच्या बाहीवरून कफ बांधू नका, आणि शेतातून चालत आलेल्या बाईला आधी पाच मिनिटं बसू द्या. लसीच्या कॅरिअरमध्ये फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक लगेच घालू नका. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर ठेवायचे, नाहीतर पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची बाळांची लस) गोठून वाया जाते.

इथली खास अडचण माहेरवाशिणीची. चंदगड-गडहिंग्लजची सून बाळंतपणाला बेळगावकडं येते किंवा इथली तिकडं जाते. हातात तायी कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) नसलं की रजिस्टरात ‘नोंदणी नाही, लस नाही’ असं पडतं. महाराष्ट्रातलं कार्ड मागा. फोनवर फोटो मागवला तरी चालेल. तारखा उतरवून घ्या. पेंटाव्हॅलंटचा दुसरा डोस लांबला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला डोस पुढं द्यायचा.

निरोप

शेवटच्या दिवशी ‘परत येते हं’ म्हणून निघून जाणं वरवर प्रेमळ दिसतं. पण पेशंट दाराकडं बघत बसतो आणि पुढच्या बॅचशी बोलत नाही. किती दिवस आहात हे पहिल्याच भेटीत सांगा, शेवटच्या आठवड्यात पुन्हा आठवण द्या, स्वतःचा फोन नंबर देऊ नका. गावातल्या पेशंटचं गोळ्या आणण्याचं काम कोण बघणार, हे आशाताई आणि घरच्यांसमोर ठरवूनच निघा.