माशीच्या चवकेसांचं रेकॉर्डिंग: या चुका टाळा

फळमाशीच्या सोंडेवरच्या चवकेसांत पाणी, मीठ, साखर अशा चवींच्या वेगवेगळ्या चेतापेशी असतात. त्यांचे विजेचे ठोके (स्पाइक) टिपणं म्हणजे रेकॉर्डिंग. ते शिकायला दरवर्षी नवी मुलं येतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात. बहुतेक चुकांचं मूळ एकच. केसाच्या टोकावर जी काचेची कॅपिलरी (बारीक नळी) टेकवतो, तिच्यातलं द्रावण माशीला चव देतं आणि तेच तारेचंही काम करतं. हॉजसन, लेटविन आणि रोडर यांनी १९५५ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हापासून हे असंच आहे. तरी द्रावणाकडे कुणी लक्ष देत नाही, सगळे स्क्रीनकडे बघत बसतात.

दिवसभर एकच कॅपिलरी

एका विद्यार्थ्याला खात्री होती, पाण्याची चव न कळणारा म्युटंट (जनुकात बदल झालेली माशी) सापडलाय. साध्या माश्यांमध्ये १० मिलिमोलर, म्हणजे अगदी विरळ, मिठाच्या द्रावणाला पाण्याची पेशी भरभरून स्पाइक देत होती. म्युटंटमध्ये ती जवळजवळ गप्प, उलट मिठाची पेशी जोरात. मी वही मागितली. साध्या माश्या सकाळी, म्युटंट दुपारी, कॅपिलरी सकाळपासून तीच, आणि एसीचा झोत थेट तिच्या टोकावर.

टोक जेमतेम १०–२० मायक्रॉनचं. तिथलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पाण्याची पेशी पीपीके२८ नावाच्या चॅनेलवर, म्हणजे पेशीपटलातल्या आयनांच्या दारावर, चालते (हे २०१० मध्ये कळलं). बाहेरचं द्रावण विरळ असलं की चॅनेल उघडतं, धन आयन आत शिरतात, पेशीपटलावरचं विभवांतर कमी होतं आणि स्पाइक सुटतात. द्रावण दाट झालं की हे सगळं थंडावतं. मिठाच्या पेशीचं उलट: सोडियम जितकं जास्त तितकी ती जोरात. म्हणजे वाळलेलं टोक एका पेशीला गप्प करतं आणि दुसरीला चेतवतं, हुबेहूब म्युटंटसारखं. ताज्या द्रावणात त्याच माश्या अगदी नॉर्मल निघाल्या. कित्येक आठवड्यांचं काम गेलं.

माझी सवय: प्रत्येक स्पर्शाआधी फिल्टर पेपरच्या कडेने टोकातला थेंब ओढून घ्यायचा आणि लगेच केसाला लावायचं. कॅपिलरी तासाभरात बदलायची. साध्या माश्या आणि म्युटंट आलटून पालटून घ्यायचे. वेळ जातो, जाऊ दे.

साखरेची कृती पाण्याला

ट्रायकोलीन सायट्रेट नावाचं क्षार पाण्याच्या पेशीला दाबतं, म्हणून साखर तपासताना ते घालतात. ३० मिलिमोलर हा आकडा कुठून तरी उचलून पाण्याच्या प्रयोगातही तेच घालायचं आणि ‘उत्तर येत नाही’ म्हणून माझ्याकडे यायचं, हे फार होतं. पाण्यासाठी १ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड घ्या. नुसतं डिस्टिल्ड पाणीही नको, त्यातून वीज धड वाहत नाही आणि हाती गोंगाट लागतो.

बाकीचं थोडक्यात

स्क्रीनवर दिसतं ते पेशीबाहेरून टिपलेलं. त्यावरून पटलाचा विभव इतके मिलिव्होल्ट असं लिहू नका.

दोन स्पर्शांमध्ये किमान एक मिनिट थांबा, पेशी थकते. घाईची मुलं इथे हमखास फसतात.

टेकवताक्षणीचा झटका मोजू नका. मी पहिले २०० मिलिसेकंद सोडून पुढचे ५०० मोजतो.

५० हर्ट्झची गुणगुण फिल्टरने लपवू नका, अर्थिंग शोधा.

स्पाइक वेगळे करायचं काम सॉफ्टवेअरवर सोडू नका. जोरात सुटणाऱ्या स्पाइकची उंची घटत जाते आणि सॉफ्टवेअर त्यांना दुसऱ्याच पेशीच्या नावावर टाकतं. आधी डोळ्यांनी बघा.

म्युटंट म्हणायची घाई नको. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) ओबेद सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी सत्तरच्या दशकात माशीचं वागणं बघून चवीचे म्युटंट शोधले. तुम्हीही तसंच करा: तहानलेल्या माशीला पाणी लावा, ती सोंड बाहेर काढते का बघा.

आणि प्रत्येक केसावर सुरुवातीला आणि शेवटी साखर. शेवटच्या साखरेला उत्तर आलं नाही, तर त्या केसाचे आकडे आलेखात घेऊ नका.