जुना ट्रॅक्टर-ग्रेडर घेताय की विकताय? भाव लावताना या चुका टाळा

कळंबोली, तळोजा साइडला एखाद्या यार्डच्या कोपऱ्यात गंजलेला ट्रॅक्टर-ग्रेडर, म्हणजे रस्त्याची माती सपाट करायचं लांबुडकं धूड दिसतं, मागे ट्रॅक्टर, पुढे लांब सांगाडा, मधे तिरकं पातं, की लगेच व्हॉट्सअॅपवर फोटो येतो, "दादा अँटिक आहे, किती येतील?" आणि त्या फोटोत नेमकं तेच नसतं ज्यावर भाव ठरतो. सगळे इंजिनचा फोटो काढतात. भाऊ, पैसा इंजिनात नाहीये, पैसा पुढच्या सांगाड्यात आहे.

कसं ते सांगतो. १९२० च्या आसपास अमेरिकेत ही पद्धत सुरू झाली, शेतीचा तयार ट्रॅक्टर घ्यायचा आणि ग्रेडरच्या फ्रेमला मागे जोडून टाकायचा. रसेल कंपनीने अॅलिस-चामर्सच्या छोट्या ट्रॅक्टरवर बांधला, मिलवॉकीच्या वेअर कंपनीने फोर्डसन ट्रॅक्टरवर, आणि मग बऱ्याच जणांनी. १९२८ ला कॅटरपिलरने रसेल विकत घेतली, १९३१ ला ऑटो पॅट्रोल (Auto Patrol) काढला जो मुळापासूनच ग्रेडर म्हणून बनवला होता, तिथून हे जोडकाम मागे पडत गेलं. म्हणजे तुमच्यासमोर उभी आहेत ती दोन मशीन आहेत, दोन कंपन्यांची, एकमेकांना बोल्ट मारून.

म्हणून पहिली चूक, आणि सगळ्यात महाग चूक, ट्रॅक्टर वेगळा काढणे. लोकांना वाटतं सांगाडा भंगारात घालू आणि विंटेज ट्रॅक्टर वेगळा विकू. अहो पण यातल्या बऱ्याच मशीनमधे ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल ग्रेडर बनवतानाच काढलेला असतो, स्टिअरिंग लांब शाफ्टने पार पुढे गेलेलं असतं. मग हातात काय उरतं? पुढची चाकं नसलेला अर्धा ट्रॅक्टर. फोर्डसन एफ अमेरिकेत १९१७ ते १९२८ मधे सात लाखांहून जास्त बनले, त्याचे पार्ट आजही सापडतात, त्यामुळे अर्ध्या फोर्डसनला कोण विचारतो? ग्रेडरची फ्रेम मात्र एकदा कापली की गेली, ती परत मिळत नाही.

दुसरं, नंबर बघताना एकच बघून खुश होऊ नका. इंजिनावरचा किंवा ट्रॅक्टरचा नंबर ट्रॅक्टरचं वय सांगतो, मॅकॉर्मिक-डीअरिंगचा १०-२० मॉडेलचा ट्रॅक्टर असेल तर नंबर साधारण केसी (KC) ने सुरू होतो, कॅटरपिलरचा टेन मॉडेल असेल तर पीटी (PT) ने. ग्रेडरची प्लेट वेगळी असते, फ्रेमवर किंवा उभं राहायच्या जागेजवळ, आणि बहुतेक वेळा ग्रीस आणि रंगाच्या थराखाली गाडली गेलेली असते. तिथे वायर ब्रश मारू नका, रॉकेल लावून कापडाने हळूहळू पुसा. प्लेट नसेल तर बिडाच्या पार्टांवर ओतीव अक्षरं असतात ती शोधा, पार्ट नंबरवरून बरंच कळतं.

आता बघायचं काय. पातं आधी. खरं पातं वाकवलेलं असतं, वक्र, त्यामुळे माती खरवडली जाऊन त्याच्यावर गुंडाळत बाजूला सरकते. मधल्या काळात कोणीतरी फॅब्रिकेटरकडून सपाट प्लेट मारून घेतली असेल तर ती माती नुसती ढकलते, आणि विंटेज म्हणून किंमत तिथेच पडली. मग पात्याच्या वरची गोल रिंग, तिला सर्कल म्हणतात, तिचे दात मोजा, तुटलेले किती, वेल्डिंगने भरलेले किती. मग वर-खाली करायची हँडव्हील, तिथून निघणारे शाफ्ट आणि त्यांचे सांधे. हायड्रॉलिक नाहीये हे, सगळं हाताने आणि गिअरने, आणि प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, साठत जातो. चाक पाव फेरा फिरवलं तरी पात्याचं टोक हललं नाही तर समजा सांध्यातले सगळे बुश, म्हणजे झिजणाऱ्या कड्या, गेलेत. बुश ही काही भीतीची गोष्ट नाही, वागळे इस्टेटमधे लेथवर करून मिळतात, पण तुटलेलं बिडाचं गिअरहाऊसिंग मिळत नाही. जाम पिनवर गॅस कटर चालवणारा मेकॅनिक भेटला तर हात जोडून परत पाठवा, आधी गरम करा, तेल सोडा, परत गरम करा, चार दिवस लागू देत. आणि फ्रेम रिव्हेटची असेल तर रिव्हेट उडवून वेल्डिंग नको, बघणाऱ्याला ते लांबूनच दिसतं.

इंजिन जाम आहे म्हणून सौदा सोडू नका, उलट घासाघीस करायला तेच कामाला येतं. फक्त जेसीबीने ओढून चालू करायचा प्रकार करू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि फोर्डसनमधे मागे वर्म गिअर आहे त्याची वाट लागते. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमधे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि डिझेल सोडा, आठवडाभर विसरून जा, मग हँडलने थोडं पुढे थोडं मागे. सुटलं तर पुढचं दुखणं बहुतेक स्पार्कचं. फोर्डसन एफमधे चार कॉइलचा डबा आणि फ्लायव्हीलवर मॅग्नेट असतात, ते मॅग्नेट वर्षानुवर्षांनी कमजोर होतात, आणि लोक तोपर्यंत कार्बुरेटर तीनदा खोलून बसलेले असतात. हँडल मारताना अंगठा हँडलभोवती गुंडाळू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा, आणि स्पार्कचं टायमिंग मागे घेतलेलं पाहिजे, नाहीतर उलटा झटका बसून मनगट गेलंच. ठाण्यात थंडीने ब्लॉक फुटत नाही पण मशीन थंड देशातून आलेलं असेल तर ब्लॉकची बाजू नखाने चाचपून बघा, पाणी गोठून पडलेली तडा रंगाखाली लपवलेली असते.

रंगाचं तर विचारूच नका. ग्रेडर म्हटलं की पिवळा, असं डोक्यात बसलंय. कॅटरपिलरने हायवे यलो ७ डिसेंबर १९३१ पासून घेतला, त्याच्या आधीची मशीन राखाडी. मॅकॉर्मिक-डीअरिंगसुद्धा १९३६ पर्यंत राखाडीच होते, लाल नंतर आले. १९२९ चं मशीन चकचकीत पिवळं करून आणलं तर जाणकार माणूस भाव वाढवणार नाही, रंग काढायचा खर्च वजा करेल. जुना उडालेला रंग तसाच राहू द्या, खरंच सांगतो.

आता पैसे. भंगाराचा भाव हा तळ. समजा काट्यावर ३ टन भरलं आणि भंगारवाला ३० रुपये किलो म्हणतोय तर ९० हजार, याच्याखाली विकायचं कारण नाही. वर किती, ते गिऱ्हाईक कोण यावर. कर्जत-मुरबाडचा रिसॉर्टवाला गेटवर शो म्हणून घेतो, त्याला सर्कलचे दात मोजायचे नसतात, दिसायला दणकट पाहिजे बस्स. हौशी संग्राहक पूर्ण मशीनला पैसे देतो पण असे मोजके आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांकडे ठेवायला जागा नाही. परदेशी साइटवरची मागितलेली किंमत बघून डॉलरला रुपयाने गुणू नका, मागायला काय जातं, लिलावात खरोखर कितीला गेलं ते बघा. आणि मूळ मालकाची किंवा लिलावाची पावती नसेल तर कितीही स्वस्त असू दे, लांब राहा.

हायड्रा क्रेन आणि लो-बेड ट्रेलरचं भाडं सौद्याच्या आधी विचारा, नंतर नाही. घोडबंदर किंवा शिळफाट्याकडून न्यायचं असेल तर जड गाड्यांची वेळ ट्रॅफिकवाल्यांकडून आधीच कळून घ्या, नाहीतर ट्रेलर रस्त्याकडेला उभा आणि तुमचं भाडं चालू. आणि ऐरोली-उलवे बाजूला खाडीजवळ ठेवणार असाल तर ताडपत्री मशीनला चिकटवून बांधू नका, आत वाफ धरून गंज दुप्पट होतो, वर पत्रा टाका आणि बाजू मोकळ्या ठेवा. पातं मातीत टेकवून ठेवू नका, खाली लाकडी ठोकळे द्या. सायलेन्सरवर रिकामा डबा उपडा घाला, जूनच्या आधी.