गावाकडं जाताना खाण्यापिण्याच्या या चुका टाळा

‘काकू, गावाकडचं खाणं बाधलं. पोटाला काय देऊ?’ दर मे महिन्यात कुणी ना कुणी भाची-पुतणी परभणीहून नाहीतर लातूरहून मला हा फोन करतेच. बायांनो, गावाकडचं खाणं क्वचितच बाधतं. बाधतो तो तुम्ही पुण्यातून कोंबून नेलेला डबा. नाहीतर एका दिवसात चार घरी खाल्लेली पुरी-बासुंदी. तुमच्या चुलतीनं स्वतःसाठी केलेली भाकरी आणि पातळ पिठलं तुम्ही तोंडात तरी घातलं होतं का? नाही ना. मग तिच्यावर आळ कशाला?

माझं माहेर परभणी जिल्ह्यात, सासर लातूरकडं आणि संसार पुण्यात. तीस वर्षं या तीन ठिकाणांमध्ये लेकरं, म्हातारी माणसं आणि डबे घेऊन ये-जा केली. त्यात सगळ्या चुका करून झाल्या, त्यामुळं आता दुसऱ्यांच्या चुका लांबूनच ओळखू येतात.

सगळ्यात जास्त चीड येते ती गरम पोळ्यांच्या डब्याची. पहाटे चारला उठून पोळ्या लाटायच्या, तव्यावरून थेट चांदीच्या कागदात गुंडाळायच्या, झाकण गच्च लावायचं आणि ‘गरम राहतील हं’ म्हणून आपलीच पाठ थोपटायची. गरम राहतात ना, तीच तर पंचाईत आहे.

२०१७ च्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याहून सकाळी सहाला गाडी काढली. डबा धाकट्या जावेनं भरला होता. कागदात गुंडाळलेल्या पोळ्या आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलेली बटाट्याची रस्साभाजी. डबा ठेवला मागच्या काचेखालच्या फळीवर, म्हणजे सबंध गाडीत जिथं सगळ्यात जास्त ऊन येतं तिथं. नगरला चहा झाला, पुढं एका ठिकाणी टायर पंक्चर झालं आणि गढी गावाच्या अलीकडं लिंबाच्या झाडाखाली आम्ही डबा उघडला तेव्हा दीड वाजला होता. कागदाच्या आतून थेंब ओघळत होते. वरच्या दोन पोळ्या बऱ्या होत्या, खालच्या एकमेकींना चिकटलेल्या. एक ओढून वेगळी केली तर मधे बारीक तार सुटली. भाजीवर फेसाचे चार-पाच बुडबुडे. मी म्हटलं, ‘ऱ्हाऊ द्या.’ जाऊ म्हणाली, ‘अवं ताई, सकाळीच तर केलंय!’ भूक सगळ्यांनाच लागली होती. लोणच्याच्या फोडीखाली तो आंबूस वास झाकून गेला.

माजलगाव ओलांडलं तेव्हा पुतण्या गप्प झाला. पाथरीला त्यानं खिडकी मागितली. मानवतच्या पुढं तीनदा गाडी थांबवली, तिसऱ्यांदा तर दीरही उतरले. घरी पोचलो तेव्हा आईनं पाट मांडलेले होते, पण जेवायला बसायला कुणी उभंच नव्हतं. आईनं आधी डबा हुंगला, मग माझ्याकडं पाहिलं. बोलली काहीच नाही. ते न बोलणं मला अजून ऐकू येतं.

कोंडलेल्या वाफेचं पाणी होतं, ते पाणी पोळीत मुरतं, आणि ऊब अधिक ओल म्हणजे जंतूंचं माहेरघर. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे ते झपाट्यानं वाढतात. हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं ओलं अन्न बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वरच असतो, आणि उन्हात उभ्या गाडीतलं तर विचारूच नका. भाताचं आणखी एक आहे. त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ते पुन्हा डोकं वर काढतात. म्हणून उन्हाळ्याच्या प्रवासात मी दहीभातही नेत नाही. कुणी कितीही ‘थंड असतो’ म्हणो.

मी काय करते? आदल्या रात्री जवारीच्या दशम्या. जवारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून भाकरीला आपण ते गरम पाण्यात मळतो. दशमीला पाण्याऐवजी दूध. कोमट दुधात पीठ मळायचं, मिठाची कणी टाकायची, थापायची आणि तव्यावर दोन्हीकडून तेलाचं बोट फिरवून भाजायची. मग दुरडीत सुती फडकं पसरून एकेक सुटी ठेवायची, एकीवर एक नाही. अर्ध्या तासानं उलटायची. हाताला गार लागली की त्याच फडक्यात बांधायची आणि फडकं डब्यात. झाकण लावायचं ते शेवटी. सोबत शेंगदाण्याची चटणी, तीही उखळात कुटलेली, जरा तेल सुटेपर्यंत. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो आणि भुगा खाताना ठसका लागतो. कारळाची किंवा जवसाची चटणी असली तरी चालते. ओलं खोबरं, कांदा, टोमॅटो यातलं काही नको. कोरडं अन्न टिकतं ते जंतूंना त्यात पाणी मिळत नाही म्हणून. यात दुसरी कसलीही जादू नाही.

यावर हमखास तक्रार येते, ‘काकू, माझी दशमी तुटते.’ तुटणारच. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून आयुष्यातली पहिली दशमी थापायला तुम्ही मुहूर्त कोणता धरला, तर प्रवासाच्या पहाटेचा! मग घाईघाईत गव्हाचं पीठ मिसळायचं, शेवटी पोळ्याच लाटायच्या आणि गरमच भरायच्या. निघायच्या आठवडाभर आधी दोन-तीनदा करून बघा. पहिल्या दिवशी तुटतील त्या ताकात कुस्करून खा. आमच्या हाताला काही वळण देवानं घालून पाठवलं नव्हतं.

काही बारक्या चुका एकेका ओळीत सांगते. वर्तमानपत्रात पोळी-भजी गुंडाळू नका, छपाईची शाई अन्नाला लागते. रस्त्यावरचा उसाचा रस प्यायचाच असेल तर बर्फाशिवाय प्या. लेकरांची भूक वेफरच्या पाकिटांवर मारलीत, तर आजीच्या पानावर ती कुरकुरणारच. परतीला कुंथलगिरीचे पेढे घेतलेत तर ते डिकीत नव्हे, पायाशी सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. आणि ‘तिकडं जेवायचंच आहे’ म्हणून दिवसभर उपाशी राहू नका. उपाशी माणूस मांजरसुंब्याला रिकाम्या पोटी रबडी खातो आणि दोष रबडीला देतो.

पाण्याचं मात्र एका ओळीत भागत नाही. पोट बिघडलं की लोक जेवणाकडं बोट दाखवतात, पण पुष्कळदा कारण पाण्यात असतं. बोअरचं जड पाणी किंवा उघड्या हौदातलं पाणी अंगवळणी नसलेल्याला त्रास देतं. मी उकळून गार केलेलं पाणी दोन मोठ्या बाटल्यांत नेते आणि तिथंही उकळून घेते, पण यजमानाच्या तांब्याला नाही म्हणत नाही. घोटभर ओठाला लावते. याच्या उलट एक चूक आहे आणि ती जास्त वाईट. पेला भरून घ्यायचा, दोन घोट प्यायचे आणि उरलेलं मोरीत ओतायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या घरानं तो उन्हाळा काढलाय, तिथली माणसं तुमचा अर्धा पेला मोरीत जाताना बघतात. बोलत नाहीत, बघतात. हवं तेवढंच घ्या.

आता माझी दुसरी लाडकी चूक. ताट समोर आल्यावर ‘नको’ म्हणणं.

२०२३ ला अधिक श्रावण होता. अधिक महिन्यात आमच्याकडं लेक-जावयाला धोंड्याचं जेवण असतं. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार आणि वाणाला तेहतीस अनारसे. आमच्या ह्यांना एका दिवसात तीन घरी बोलावणं होतं, आधी माझ्या आईकडं, मग चुलत्याकडं, संध्याकाळी मामाकडं. आईकडं ह्यांनी भिडेखातर सात धोंडे खाल्ले. चुलत्याकडं पानावर बसल्यावर म्हणाले, ‘जरा डायट सुरू आहे.’ झालं! चुलतीनं हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं. ‘जावाईबापूंना आमच्या घरचं गोड लागत नाही का काय?’ आता सात आईकडं खाल्ले म्हटल्यावर इथं चार तरी खायलाच हवेत. खाल्ले. मामाकडं निम्मं पान झालं आणि हे उठून अंगणातल्या बाजेवर जाऊन आडवे झाले. रात्रभर ओवा, गरम पाणी आणि येरझाऱ्या. मामी दोन दिवस फोनवर माझी माफी मागत होती. वास्तविक माफी मी मागायला हवी होती.

चूक ह्यांच्या पोटाची नव्हती, वेळेची होती. पान वाढलेलं असताना दिलेला नकार हा स्वयंपाकाला दिलेला नकार होतो. ती बाई सकाळी पाचपासून पुरण वाटत होती. आणि डायट हा शब्द तर गावात काढूच नका. तो ऐकला की एकतर तुम्ही आजारी आहात असं वाटतं, नाहीतर आमच्या तेला-तुपाला नावं ठेवताय असं.

नकार द्यायचा असेल तर तो आदल्या दिवशी फोनवर द्यावा, आणि नकारासारखा देऊच नये. मी अशी बोलते, ‘काकू, उद्या येतोय. पण गोडधोड करू नका हं, लई दिवस झाले तुमच्या हातची भाकरी खाऊन. भाकरी, येसराची आमटी अन् ठेचा. दुसरं काही केलंत तर मी रुसणार.’ काकू वरवर म्हणतात, ‘अगं बाई, पाहुण्याला काय भाकर वाढायची?’ पण आवाज खुललेला असतो. तिचं तूप वाचतं, तिची पहाट वाचते, आणि तुम्हाला मिळतं ते घरच्यांच्या रोजच्या भगुन्यातलं. ते जेवण पोटाला बाधत नाही, कारण ते रोज खाण्यासाठीच असतं. चार घरी जायचं असेल तर जेवण एकाच घरी हे निघायच्या आधी ठरवा आणि उरलेल्या तिघांना ते नाव घेऊन सांगा, ‘जेवण थोरल्या काकांकडं, तुमच्याकडं चहा.’ न सांगता गेलात की मागच्या दारानं दुकानात पोरगं पिटाळलं जातं आणि पाच मिनिटांत फरसाण, बिस्किटं आणि सरबत पुढं येतं.

याला माझा अपवाद एकच, येळवस. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं शेतात जेवायला बोलावलं तर सकाळी काही न खाता जा. भज्जी, उंडे, आंबील, खीर. तिथं माप धरत बसणाऱ्या माणसाला मी गाडीत घेत नाही.

घरात मधुमेहाचं माणूस असेल तर मात्र मस्करी नको. एकदा सासऱ्यांनी ‘पानं घेतली’ ही हाक ऐकली आणि गोळी घेतली. पानं घेतली होती, पण नैवेद्य व्हायचा होता, आणि नैवेद्य थोरल्या भावासाठी थांबला होता, आणि भाऊ अजून मोटरसायकलवर होता. पाऊण तासानं सासऱ्यांचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आणि बोलणं अडखळत. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली तेव्हा माणूस ताळ्यावर आला. तेव्हापासून आमच्याकडं जेवणाबरोबरची गोळी भाजी-भाकरी पानावर दिसल्याशिवाय पाकिटातून निघत नाही. कुठली गोळी जेवणाच्या किती आधी घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना निघायच्या आधी विचारून घ्या. खिशात साखरेची पुडी ठेवा. आणि देवाची क्षमा मागून त्यांना आधी जेवू घाला. आमच्या आजेसासूबाईंनी स्वतः तसं सांगितलं होतं, तेव्हा मला कुणी शहाणपणा शिकवू नये.

इतकं करूनही पोट बिघडलंच तर पहिल्या तासात औषधाच्या दुकानाकडं पळू नका आणि जुलाब थांबवायची गोळी लेकराला आपल्या मनानं तर देऊच नका. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हे थोडं थोडं, घोटाघोटानं. इथं अंदाज नको, चमचा सपाटच हवा. मीठ जास्त पडलं तर फायद्याऐवजी अपाय होतो. लेकरू सुस्त पडलं, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठा.

२०२६ चा अधिक महिना ज्येष्ठात आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे पुरण आणि ऊन एकत्र. मी आईला आधीच सांगून ठेवलंय, यंदा जावयाला धोंडे दोनच, तेही सकाळच्या गारव्यात, आणि संध्याकाळी भाकरी. चुलतीला फोन करायचा राहिलाय. तो ह्यांनाच करायला लावणार आहे. ‘डायट’ म्हणाले तर फोन हातातून काढून घेईन.