लोकल येण्याआधीच अर्धं काम उरकलेलं असावं

मी राहते डोंबिवलीला आणि परळच्या एका रुग्णालयात नर्स आहे. म्हणजे रोज गर्दीत असते, आणि त्याच गर्दीतून पडलेली माणसं स्ट्रेचरवरही बघते. दोन्हीकडून बघून माझं एक मत पक्कं झालंय. लोकलमध्ये आपण धड राहणार की नाही, हे गाडी यायच्या आधीच्या पाच मिनिटांत ठरतं. गाडी थांबते फार तर अर्धा मिनिट. कुठला डबा, बॅग कुठे, हात मोकळा आहे का, याचा विचार तेवढ्यात करायला घेतला की गडबड ठरलेली. माझी भाची गावाहून नोकरीसाठी आली, तिला जे घोकून घेतलं तेच इथे लिहिते.

गाडी कुठली पकडायची

लवकर पोचवते ती गाडी चांगली, असं नवीन माणसाला वाटतं. तसं नसतं. ज्या गाडीतून आपल्या स्टेशनावर उतरता येतं ती चांगली. संध्याकाळी ठाण्याला उतरायचं असेल तर कर्जत किंवा कसारा फास्टच्या वाटेला जाऊ नका. दारातली सगळी मंडळी पुढे जाणारी असतात, तुम्हाला वाट द्यायला त्यांना स्वतः खाली उतरावं लागतं, आणि ते उतरत नाहीत. पश्चिम रेल्वेवर विरार फास्टमधून अंधेरीला उतरू पाहणाऱ्यांचे किस्से तर प्रसिद्धच आहेत. ठाण्याला जायचं तर ठाणे लोकल, बोरिवलीला जायचं तर बोरिवली लोकल. दहा मिनिटं जास्त जातील, जाऊ देत. मला स्वतःला परळहून सुटणाऱ्या गाड्या आवडतात. २०१९ पासून त्या सुरू झाल्या आणि आमच्यासारख्यांना निदान माणसासारखं चढता येऊ लागलं.

इंडिकेटर पूर्ण वाचा. वेळ आणि शेवटचं स्टेशन एवढंच बघून भागत नाही, स्लो की फास्ट आणि १२ डबे की १५ हेही बघा. डब्यांचा आकडा बदलला की तुमचा डबा थांबण्याची जागा बदलते, आणि मग माणसं गाडीबरोबर प्लॅटफॉर्मवर पळत सुटतात. महिला डबे पुढे, मध्ये आणि मागे असे विखुरलेले असतात. त्यांच्या जागा आपल्या स्टेशनापुरत्या तरी पाठ करून ठेवा. दादरला नवीन असाल तर आणखी एक गोष्ट: डिसेंबर २०२३ पासून तिथे प्लॅटफॉर्मना पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग नंबर आहेत. जुना माणूस अजून सवयीने मध्यचा 'एक नंबर' सांगतो. त्याचं ऐकून पुलावर उलटसुलट धावू नका, पाटी वाचा.

उभं राहताना

जिन्याच्या तोंडाशी उभं राहू नका. सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते, आणि शेवटच्या क्षणी धावत उतरणारा तुमच्या पाठीवर येतो. चाळीस-पन्नास पावलं पुढे चाला. पिवळ्या पट्टीच्या मागे राहा, विशेषतः फास्ट गाडी न थांबता जाते तेव्हा. सॅक पाठीवरून काढून पोटाशी घ्या. ओढणीला गाठ मारा, पदर खोचा. इयरफोन काढा, मोबाइल बॅगेत टाका. पावसाळ्यात अंगठ्याची सपाट चप्पल नको, मागे पट्टा असलेली घाला. आमच्याकडे पावसाळ्यात घसरून घोटा मोडलेले बरेच येतात, त्यांत अशा चपला भरपूर.

आता चढणं. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. मग एक हात दांड्याला आणि दुसरा मोकळा. एका हातात डबा, दुसऱ्यात छत्री आणि करंगळीने दांडा, असं चढायचं नाही. गाडी हलली की तुमच्यापुरती ती गेली. प्लॅटफॉर्म आणि डबा यांच्यातली फट सगळीकडे सारखी नसते, वळणावरच्या प्लॅटफॉर्मला ती जास्त असते. चालत्या गाडीबरोबर धावताना पाय चुकला तर नेमका त्याच फटीत जातो. गर्दीच्या वेळी मागची गाडी काही मिनिटांत येते. लेट मार्क लागेल हे मला कळतं, मस्टरवर सही मीही करते. पण हात दांड्यावरून सुटलेला माणूस पाहिल्यावर लेट मार्कची भीती जरा कमी होते.

दार

दारात हवा खायला उभे राहणारे थोडे. बाकीच्यांना आत शिरायला जागाच मिळालेली नसते. त्यामुळे 'दारात लटकू नका' हा उपदेश मला अर्धवट वाटतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. तीही कामावर निघालेली माणसंच होती. उपाय एकच, आणि तो पुन्हा गाडी यायच्या आधीचा: दारात लटकावं लागेल अशी भरलेली गाडी दिसली की सोडा. चढलाच असाल तर आत सरका, मधल्या पॅसेजमध्ये जा. तिथे दम लागतो, पण पडत नाही. दारात अडकलाच तर तोंड आतल्या बाजूला, सॅक पुढे, आणि डोकं-कोपर डब्याच्या रेषेबाहेर अजिबात नाही. रुळांलगतचे खांब गाडीच्या फार जवळ असतात.

उतरायची तयारी दोन स्टेशनं आधीपासून करा. पुढच्याला सरळ विचारा, "दादर का?" तो "हो" म्हणाला तर त्याच्या मागे लागा, "नाही" म्हणाला तर जागा बदलून घ्या. यात लाजायचं काही नाही, सगळेच विचारतात. आपलं स्टेशन कोणत्या बाजूला येतं तेही आधीच विचारून ठेवा. चुकून पुढे गेलात तर पुढच्या स्टेशनावर उतरून परत या.

दारात मोबाइल हातात धरू नका. गाडी हळू होते तिथे रुळाशेजारी उभी असलेली पोरं काठीने हातावर फटका मारतात आणि पडलेला फोन घेऊन पळतात. फोन गेला तर जाऊ दे, त्याच्या मागे वाकू नका, उडी तर मुळीच नको. पुढच्या स्टेशनावर उतरून रेल्वे पोलिसांकडे तक्रार नोंदवा.

गाडी मध्येच थांबली तर

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका इथे आहे, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. पाऊस पडला, कुर्ला-शीव भागात पाणी साचलं, गाड्या उभ्या राहिल्या, की तासाभराने लोक पटापट खाली उड्या मारायला लागतात. शेजारचा रूळ बंद आहे असं गृहीत धरू नका. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून लोक उतरले, आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. जुलै २०२३ मध्ये ठाकुर्ली-कल्याणच्या मध्ये थांबलेल्या लोकलमधून उतरून रुळाकडेने चालताना एक तान्हं बाळ आजोबांच्या हातून निसटून नाल्यात पडलं. पाण्याखाली नाला कुठे आणि सांधा कुठे, वरून काही दिसत नाही. गाडीतच बसा, पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा बॅगेत कायम ठेवा. रेल्वेची माणसं उतरवायला आली तरच उतरा. धूर किंवा आग खरोखर दिसली तर गोष्ट वेगळी. तेव्हाही दुसरा रूळ नसलेल्या बाजूने, आधी वाकून दोन्हीकडे बघून.

डोक्यावरच्या वायरमध्ये २५ हजार व्होल्ट असतात. टपावर चढणाऱ्या पोरांना हे सांगावं लागतं याचंच नवल वाटतं. आणि रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, पण दंडाच्या भीतीने कोणी पूल चढत नाही. तीन मिनिटं वाचवणाऱ्याला एका रुळावरची गाडी दिसते, तिच्या आवाजात दुसऱ्या रुळावरची ऐकू येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पुलावर अचानक चेंगराचेंगरी व्हायला लागली तर? २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या पुलावर २३ माणसं गेली. सकाळची वेळ होती, पाऊस पडत होता, आणि माणसं जिन्यावर थांबून राहिली होती. पाऊस असेल तर जिन्यावर आडोसा धरू नका, भिजा नाहीतर प्लॅटफॉर्मवरच थांबा. गर्दीने ढकलायला सुरुवात केली की दोन्ही हात छातीसमोर घ्या, म्हणजे श्वासाला जागा राहते. उलट दिशेने रेटू नका, तिरकं-तिरकं कडेला सरका. पडलेली चप्पल उचलायला वाकायचं नाही.

रात्री उशिरा महिला डबा रिकामा दिसला तर जनरल डब्यात चार बायका-कुटुंबं बघून बसलेलं बरं. काही महिला डबे ठरावीक वेळेपुरतेच राखीव असतात, दारावरची पाटी वाचा. रात्री डब्यात पोलीस असतो. तो असेल तर त्याच्या जवळची जागा घ्या. काही गडबड वाटली तर १३९ किंवा रेल्वे पोलिसांचा १५१२. हे दोन्ही नंबर फोनमध्ये आत्ताच टाका.

कोणी पडलं तर

चेन ओढा, स्टेशन असेल तर स्टेशन मास्तर किंवा आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) गाठा. रुळावर स्वतः उतरू नका. जखमीला बाहेर आणल्यावर मान हलवू नका, पाणी पाजू नका. रक्त येतंय तिथे स्वच्छ रुमाल ठेवून जोरात दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. बोट किंवा हात तुटला असेल तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुटलेला भाग थेट बर्फाला लागला तर खराब होतो.

सकाळी उपाशी निघालेल्या मुली गर्दीत चक्कर येऊन पडतात, हेही नेहमीचं. डोळ्यांपुढे अंधारी आली की बोलून टाका, उठून जागा देणारं कोणीतरी निघतंच. साखरेचा त्रास असलेल्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी.

आणि पासाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. नाव, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, घरच्या दोघांचे नंबर. शुद्ध नसलेला पेशंट येतो आणि त्याचा फोन लॉक असतो, तेव्हा आम्ही आधी खिसेच तपासतो. बॉलपेनने लिहा, शाईपेनचं पावसात पसरतं.